आदल्या दिवशीचं पाणी

भाऊ, पेपरातल्या चौकटीत तुझा फोटो छापून आला. खाली लिहिलंय, 'कष्टाळू, मनमिळाऊ, सदा हसतमुख'. मजकूर वहिनीच्या भावाने दिला. मला विचारलं असतं तर मी 'कष्टाळू' ठेवलं असतं आणि बाकीचं खोडलं असतं. हसतमुख तू होतास, त्यात वाद नाही. पण खोटं बोलतानासुद्धा तू तसाच हसायचास हे मला तू गेल्यावर कळलं, आणि आता तो फोटो बघितला की चीड येते.

आधी मी रडले. धुळ्याच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत बसून इतकी रडले की एका अनोळखी बाईने पाण्याची बाटली आणून दिली. "मालक का?" तिने विचारलं. "भाऊ," म्हटलं, "मोठा." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या पेशंटकडे निघून गेली. त्या दिवशीचं रडणं मी परत मागत नाही. तेव्हा मला शिरपूरकडच्या शेडचं काही माहीत नव्हतं. माहीत झाल्यापासून तुझ्यासाठी डोळ्यांत टिपूस आलेलं नाही. घरात हे बोलायची सोय नाही, म्हणून तुलाच सांगते आहे.

तू धंद्यातच गेलास. वैशाखातल्या उन्हात, हंगाम संपलेल्या जिनिंगच्या पत्र्यावर केबल ओढत होतास. सकाळपासून छातीत जळजळ होत होती, वहिनी सांगत होती. गॅस झालाय म्हणालास, सोडा प्यालास आणि गाडीला किक मारलीस. खाली उतरून सावलीत टेकलास तेव्हा फोन वाजला आणि तू तो घेतलास. "हो शेठ, निघालोच, रस्त्यातच आहे," हे तुझं शेवटचं वाक्य. तुझ्या कारागिरांनी ऐकलं. तू कुठेही निघाला नव्हतास, भिंतीला टेकून घाम पुसत होतास. मरतानासुद्धा गिऱ्हाइकाला थाप मारून गेलास.

तुला घेऊन गेले आणि फोन घरी राहिला. आम्ही बायका ओट्यावर बसलेल्या, आणि तो माझ्या मांडीवर वाजतोय.

"काय भाऊ! सकाळपासून वाट बघतोय. टाकीची मोटर बंद पडलीय, घरात थेंब नाही."

"भाऊ वारले."

"कोण?"

"भाऊ. आज सकाळी. मी त्यांची बहीण बोलतेय."

"अरे अरे अरे. परवा तर चौकात भेटले होते." मग आवाज खाली आणून, "बरं ताई, मग आता मोटरचं कोण बघेल?"

मला हसू फुटलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तू असतास तर तूही हसला असतास, आणि तिसऱ्या प्रहरी जाऊन त्याची मोटर चालू करून आला असतास. हा धंदा मी बाहेरून पाहिला तेव्हा मला वाटायचं, वायरी जोडायच्या आणि बटण दाबायचं. आत शिरल्यावर कळलं की ठेकेदार म्हणजे साऱ्या बांधकामाचा घरगडी. प्लास्टरवाला तुझे स्विचचे डबे बुजवून जाणार, फरशीवाला तुझा पाइप ठेचणार, आर्किटेक्ट ऐन वेळी भिंत सरकवणार, आणि वास्तुशांतीच्या दिवशी दिवाणखान्यात उजेड पडला नाही की सत्यनारायणासमोर शिव्या तुला. लग्नसराईत तुझे कारागीर वऱ्हाडात, कापूस वेचणीला आपापल्या गावी. कोटेशन सगळ्यांत खालचं द्यायचं आणि काम सगळ्यांत वरचं दाखवायचं. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत तू कसा राहतोस, हे मी तुला एकदा विचारलं होतं. "बारीक हुईसन," म्हणालास. बारीक होऊन. सगळे हसले, मीही हसले.

माझ्याआधी आपल्या घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी हे ताठ मानेने सांगते, आणि ती पायरी तू दाखवलीस हेही सांगते. दहावीला गणितात गेलास, परत बसला नाहीस, एका वायरमनच्या हाताखाली भिंती फोडायला लागलास. आणि मला जळगावला इंजिनिअरिंगला घातलंस. हॉस्टेलच्या फाटकाशी कळण्याच्या भाकरींचा डबा घेऊन यायचास आणि रेक्टरबाईंना म्हणायचास, "मॅडम, आमच्या इंजिनेरला जरा बोलवा." मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. साधं सर्किट जोडताना माझा हात कापायचा. तू मला इंजिनेर करून मोकळा झाला होतास. आपल्या सगळ्या नातेवाइकांनी 'पोरीला एवढं शिकवून काय करणार' हे विचारून घेतलं, आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. हे मी विसरलेले नाही. पुढे जे लिहिते आहे ते हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे.

मी एमआयडीसीतल्या कंपनीत नीट होते. तूच जळगावला येऊन माझ्या नवऱ्यासमोर मांडी घालून बसलास. "दुसऱ्याच्या परवान्यावर किती दिवस कामं करू? घरात इंजिनेर असताना बाहेरच्याच्या सह्या आणायच्या, बरं दिसतं का?" मी नोकरी सोडली. ठेकेदारीचा परवाना माझ्या नावावर निघाला. जळगावची कामं मी बघायची, धुळ्याकडची तू, आणि काम पुरं झालं की मी येऊन तपासायचं आणि रिपोर्टवर सही करायची. मी एकच अट घातली होती. माझं मापाचं मीटर लावल्याशिवाय सही नाही. तू त्या अटीची जाहिरात केलीस. गिऱ्हाईक कोणीही असो, तू छाती पुढे काढून सांगायचास, "बी. ई. शे मनी बहीन. मीटर लावाशिवाय सही नई करस." ते मान डोलवायचे. मी मान ताठ ठेवून जमिनीत मीटरचे खिळे ठोकायचे.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, आर्थिंगवरून. तुला कितीदा सांगितलं, तेच परत सांगते. मोटरच्या, कूलरच्या, कशाच्याही लोखंडी अंगात कधी करंट उतरला, तर तो हात लावणाऱ्याच्या शरीरातून न जाता सरळ जमिनीत जावा, म्हणून खड्डा घेऊन त्यात पाइप पुरतात. भोवती मीठ आणि कोळसा भरतात, ओल धरून राहावी म्हणून. खड्डा बुजला की वर फक्त सिमेंटचं झाकण दिसतं. खाली काय आहे ते घालणाऱ्याला माहीत.

"दिसत नाही, वाजत नाही, उजेड देत नाही," तू करवादायचास, "आणि माझा सगळ्यांत महाग पाइप गिळून बसतं."

"माणूस वाचवतं."

"आपल्या कामावर आजपर्यंत कोण मेलं? नाव सांग."

"कोणी मेल्यावर नाव सांगू का?"

"कल्पे, तू कॉलेजात भीती हाच विषय घेतला होता का गं?"

आपली माती काळी. पावसाळ्यात पायाला चिकटून चप्पल काढून घेते आणि वैशाखात अशी फाटते की भेगेत अख्खा हात जावा. ओल आहे तोवर ती करंट घेते, वाळली की घेत नाही. म्हणून मी हट्ट धरला, की माप उन्हाळ्यात घ्यायचं, सगळ्यांत वाईट दिवसांत. त्यात पास झालं तर बारा महिने पास. दुसरे ठेकेदार तपासणीच्या आदल्या दिवशी खड्ड्याला पाणी पाजतात, हे तूच मला सांगितलंस. त्यांच्या नकला करून दाखवल्यास, बादली कशी लपवतात, साहेब आला की चेहरा कसा करतात. आणि माझा हट्ट तू मान्य केलास. जरा कुरकुरून, पण केलास. मी चैत्रात आले, वैशाखात आले, भर दुपारी मीटर फिरवलं, आणि दर वेळी काटा खाली, जिथे हवा तिथे थांबला. मला वाटलं, भांडण मी जिंकले. सासरी जाऊन सांगितलंही, की माझा भाऊ दहावी नापास आहे पण समजावलं की समजतो.

द्वारदर्शनाला, दुःखात भेटायला, नाना आले. शिरपूरकडे तापीकाठी त्यांच्या केळीच्या बागा आहेत, आणि केळी धुऊन खोक्यांत भरून पाठवायची नवी मोठी शेड त्यांनी बांधली, तिचं सगळं काम तू केलंस. रिपोर्ट गेल्याशिवाय वीज कंपनी आपलं मीटर बसवून वीज देत नाही, आणि माझी सही व्हायच्या आत तू गेलास. नाना माझ्यासमोर सतरंजीवर बसले. "पोरी, वाईट झालं. देवमाणूस होता." पिशवीतून टॉवेल काढून तुझ्या फोटोपुढे ठेवला, टोपी ठेवली, आणि त्यांच्या खालून रिपोर्टचा कागद निघाला.

"ही वेळ नाही, मला कळतं," ते म्हणाले. "पण केळी थांबत नाही ना, माय. जनरेटरवर किती दिवस काढू? डिझेल पिऊन राहिलाय तो."

"नाना, माप घ्यायचं बाकी आहे."

"भाऊचं काम. त्याला कसलं माप?"

"भाऊच सांगायचा ना तुम्हाला, मीटर लावल्याशिवाय सही करत नाही म्हणून?"

"अगं ते जिवंत असतानाचं," नाना म्हणाले. वाईट हेतूने नाही म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की माणूस गेल्यावर त्याच्या कामाला सूट मिळते.

दाराआडून वहिनीचा आवाज आला. "ताई, करून टाका ना. त्यांचं शेवटचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरची गाडी धरली. आत्या म्हणाली, सुतकात मीटर घेऊन कुठे निघालीस. मी म्हटलं, ज्याचं सुतक त्याच्याच कामाला. आजवर निघण्याआधी मी तुला फोन करायचे, उद्या येते, माणूस ठेव म्हणून. या खेपेला फोन कोणाला करणार? नानांनाही केला नाही.

शेडमध्ये जनरेटर धडधडत होता. टाक्यांच्या कडेने बाया उभ्या, साड्या खोचलेल्या, पायात काही नाही, घोट्यापर्यंत पाणी. टाक्यांच्या मोटरी हाताच्या अंतरावर. सगळी शेड लोखंडाची. ज्या ठिकाणी आर्थिंगवाचून माणूस मरतो असं आम्हाला शिकवलं होतं, त्याचं चित्र काढायला सांगितलं असतं तर मी हेच काढलं असतं. मी मागच्या बाजूला गेले, झाकण उचललं, खिळे ठोकायला हातोडी काढली. तेवढ्यात एक बाई बादली हिंदकळत पळत आली. बेबाबाई. बायांची मुकादम आहे, मागच्या साली याच गावातल्या दुसऱ्या शेडवर मी तिला पाहिलं होतं.

"ओ ताई, थांबा थांबा! मीटर नका लावू अजून!"

"का?"

"पानी टाकनं ऱ्हायनं ना, माय! तुम्ही आज येनार शेतस हे कोनी मले सांगंच नई." ती धापा टाकत होती, चूक झाल्यासारखी ओशाळली होती. "भाऊनी सांगेल व्हतं, ताई येवाना आदले दिन दोन्ही खड्डास्मा मिठनं पानी टाकी देजो. भाऊ गयात, मंग फोन कोन करी?"

ताई येण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही खड्ड्यांत मिठाचं पाणी. इन्स्पेक्टर येण्याच्या आदल्या दिवशी नाही.

"मागच्या साली त्या शेडवर?" मी विचारलं.

"तठेबी मीच टाकेल," ती अभिमानाने म्हणाली. तिथेही मीच टाकलं होतं. "भाऊ म्हनेत, टाकी दे वो बेबाबाई, मनी बहीनना मीटरले तीस लागस."

माझ्या बहिणीच्या मीटरला तहान लागते. असं म्हणायचास तू. टाकीवरच्या दोघी-तिघी ऐकत होत्या, त्यांना तुझं बोलणं आठवलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचा काही दोष नाही. तू होतासच गमत्या. किती शेडवर, किती बंगल्यांवर, किती दुकानांमागे हे बोलून लोकांना हसवलंस, भाऊ? मी मान ताठ करून खिळे ठोकत असताना आजूबाजूचे सगळे मला कोणत्या नजरेने बघत होते?

"बादली खाली ठेवा, मावशी," मी म्हटलं. "आज पाणी नको."

मीटर फिरवलं. काटा जिथे थांबायला हवा तिथून निघून गेला आणि जातच राहिला. दुसऱ्या खड्ड्याला लावलं. तेच. ती जमीन काही घेत नव्हती. त्या बायांपैकी एकीचा हात चुकीच्या दिवशी चुकीच्या मोटरला लागला असता, तर सगळं तिच्याच अंगातून गेलं असतं, आणि रिपोर्टवर 'पास' लिहून खाली माझी सही असती. कल्पना, बी. ई.

तोवर कोणीतरी कळवलं आणि नाना मोटरसायकलवर आले.

"काय झालं?"

"नापास."

"अगं मग टाक ना दोन बादल्या, ती घेऊन उभीच आहे बिचारी."

"रोज टाकाल, नाना? या बाया इथे उभ्या आहेत तोवर?"

"आता महिन्याभरात पावसाळा लागतोच."

"आणि पुढचा उन्हाळा?"

नानांनी टोपी काढून डोकं पुसलं. "कल्पना, तुझ्या सख्ख्या भावाची अब्रू काढायला निघालीस. सुतक फिटून गंधमुक्ती व्हायचीय अजून त्याची. लोक काय म्हणतील?"

"नाना, भाऊ मेला. त्याचं आता कोणी काही वाकडं करू शकत नाही. खणायला माणूस द्या."

माणूस आला. कुदळ फार वेळ चालवावी लागली नाही. एकच पाइप मधोमध कापून तू दोन खड्ड्यांत उभा केला होतास. भोवती कोळशाचा खडासुद्धा नाही, वरच्या वितीभर मातीत तेवढं मीठ. बेबाबाईने वाकून आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. "आर्धाच शे," ती हळूच म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही. एक बाई मोटरपासून दोन पावलं मागे सरकली आणि मग कोणालाच परत टाकीजवळ जाऊन उभं राहायचं नव्हतं.

नवे खड्डे आपण घालून देऊ, सांगितलं मी नानांना, पुऱ्या पाइपाचे, आणि ते होईपर्यंत माझ्याकडून सही नाही. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. निघताना म्हणाले, "भाऊ असता तर ही वेळ आली नसती." खरं आहे. भाऊ असता तर कळलंच नसतं.

मी धुळ्याला पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. वहिनी मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तुझ्या दोघी मुली खाटेवर.

"झालं समाधान?" तिने विचारलं.

"नाही. जिथे जिथे मी सही केलीय तिथे सगळीकडे परत जाणार आहे. न सांगता."

"म्हणजे त्यांचं नाव गावोगाव बदनाम करणार. मग आपल्याला काम कोण देईल? या दोघींना मी काय खाऊ घालू, तुमचं मीटर?"

ती बरोबर बोलत होती. तुझ्या नावावरच कामं येतात, माझ्या डिग्रीवर नाही, हे मला माहीत आहे. ती पण तू सोय करून ठेवलीस, की खरं बोलायचं म्हटलं तर तुझ्याच लेकरांच्या ताटातलं काढून घ्यावं लागेल.

मग वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "ते शिकलेले नव्हते, ताई. तुमच्यासारखी पुस्तकं त्यांनी वाचली नाहीत. त्यांना जेवढं समजलं तेवढं त्यांनी केलं. ओम का काय ते तुमचं माप, त्यांच्या डोक्यात शिरलंच नसेल. तुम्हाला शिकवताना त्यांचं शिकायचं राहिलं, आणि आता तुम्हीच त्यांना नापास करताय."

ते मला लागलं. आणि खरं सांगू, ते मला हवंसंही वाटलं. तू अडाणी होतास, तुला समजलं नाही, जमिनीतलं न दिसणारं काम तुला भटजीच्या मंत्रासारखं वाटलं, धंद्याच्या धबडग्यात पाइप कापलास आणि बहिणीची समजूत घातलीस. असं धरलं तर तुला माफ करता येत होतं. मी ते मनातल्या मनात जुळवायलाही लागले. दहावीचं गणित, भिंती फोडणारे हात, हॉस्टेलचं फाटक. सगळं बसत होतं. मी वहिनीच्या शेजारी जाऊन टेकले आणि तिचा हात हातात घेतला. ती आता तुटक राहिली नव्हती. आम्ही दोघी तशाच बसलो.

खिडकीत कूलर घरघरत होता. लोखंडी अंगाचा, आपल्याकडे घरोघर असतो तसा, खाली पाणी साचलेलं. धाकटी उठून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, ओले केस वाळवायला, एक हात त्याच्या जाळीवर ठेवून. वहिनीने माझा हात सोडला.

"ताई," ती म्हणाली. "इथलं पण त्यांनीच केलंय ना?"

मी मुलीला ओढून मागे घेतलं, कूलर बंद केला आणि मीटर घेऊन परसात गेले. खड्डा कुंपणाजवळ, जिथे न्हाणीचं पाणीसुद्धा पोहोचत नाही. उन्हाने जमीन भाजून निघालेली, भेगांत काड्या अडकलेल्या. वहिनी मागोमाग आली, हातात तांब्या. "पाणी टाकू का?"

"नको."

खिळे ठोकले. मीटर फिरवलं. काट्याने हलल्यासारखं केलं आणि तो तळाशीच थांबला. मला वाटलं मीटर बिघडलं. खिळे उपटून लांब ठोकले, परत घेतलं. तेच. दुसऱ्या बाजूने घेतलं. तेच. इतकं चांगलं माप मी तुझ्या एकाही कामावर घेतलं नव्हतं, पाणी पाजलेल्यावरही नाही. खुरपं मागून घेतलं आणि झाकणाखालची माती उकरत गेले. काळाकुट्ट कोळसा, दाबून भरलेला. पाइप जाड, आणि खुरपं पोहोचलं तिथवर खाली गेलेला. शेजारी दुसरा, तेवढाच, पट्टीने पहिल्याला जोडलेला, आणि जोडाला गंज चढू नये म्हणून वर डांबर. कंपनीत असताना मोठमोठ्या ठेकेदारांची कामं मी तपासली आहेत. असं काम फार थोड्यांचं पाहिलं.

वैशाखात, वाळलेल्या मातीत, कोणी सांगितल्यावाचून. म्हणजे मी जे जे बोलले ते सगळं तू ऐकलं होतंस, भाऊ. एक शब्द वाया गेला नव्हता. पाइप किती खोल हवा, कोळसा का हवा, माप कधी घ्यायचं, सगळं तुला पाठ होतं. आपल्या पोरी जिथे हात लावतात तिथे तू माझ्या कॉलेजातल्यासारखं काम केलंस. आणि बेबाबाईच्या पायाखाली अर्धा पाइप.

मी चिखलाने नव्हे, कोरड्या धुळीने भरलेले हात झाडत उभी राहिले. वहिनी दारात तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत होती. मला काय दिसलं ते तिला कळत नव्हतं, फक्त मी काय म्हणते तेवढं ऐकायचं होतं.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "कूलर लावा."

तिने पोरींना पोटाशी धरलं आणि रडायला लागली. "बघा, मी म्हणत नव्हते? देवमाणूस होता माझा," ती म्हणत राहिली. मी परसात उभी राहून माती परत लोटली, झाकण जागेवर बसवलं. तिला मी काही सांगितलं नाही. सकाळी पहिल्या गाडीने मी त्या मागच्या सालच्या शेडवर जाते आहे.